वाडीतल्या घराला उपग्रहाचे इंटरनेट परवडेल का?

प्रश्न : आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. फोनला रेंज हवी असेल तर खळ्याच्या कडेला जाऊन उभे राहावे लागते. सून पुण्यातल्या कंपनीचे काम घरून करू शकते, परंतु इंटरनेटअभावी तिला गावी राहता येत नाही. उपग्रहाचे इंटरनेट स्वस्तात कोठे मिळेल? आखातातला भाचा तिकडून संच आणून देतो म्हणतो, तो चालेल का?
— एक निवृत्त शिक्षक, जि. रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे अडकण्याची भीती आहे. भाच्याला संच आणू देऊ नका. उपग्रहाशी जोडणारा संच ही बिनतारी यंत्रणा आहे; परवानगीशिवाय ती आणली तर विमानतळावरच जप्त होऊ शकते आणि वापरली तर कायद्याचा भंग होतो.

आता परवडण्याविषयी. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या अमेरिकी कंपनीला जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला, परंतु परवाना मिळाला म्हणजे घरोघरी जोडणी सुरू झाली असे नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर दरमहा ८,६०० रुपये आणि संचाचे ३४,००० रुपये असे आकडे झळकले. ती चाचणीची माहिती चुकून दिसली, भारतातले दर जाहीर झालेले नाहीत, असा खुलासा कंपनीने केला. त्यामुळे ‘आत्ताच नोंदणी करा’ म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या कोणालाही पैसे देऊ नयेत. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये याच कंपनीशी इरादापत्र, म्हणजे एकत्र काम करण्याचा इरादा नोंदवणारे पत्र, केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांचा उल्लेख आहे, रत्नागिरीचा नाही.

इस्रोच्या जीसॅट-११ सारख्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहांवरून चालणारी सेवा देशात आधीपासून आहे, मात्र तिचा भर बँका, कार्यालये अशा ग्राहकांवर आहे. शिवाय हा उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. आपला संदेश वर जाऊन खाली येणार आणि उत्तरही तसेच फिरून येणार, म्हणजे जवळपास दीड लाख किलोमीटरचा प्रवास. त्यात अर्धा सेकंद सहज जातो. ईमेलला त्याने काही बिघडत नाही, पण सूनबाईंच्या बैठकीत दोघे एकदम बोलू लागतील आणि दोघे एकदम थांबतील. स्टारलिंकचे बहुतेक उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून तिथे ही अडचण फारशी जाणवत नाही. परंतु त्याच्या डिशला मोकळे आकाश लागते आणि फणस-माडांच्या गर्दीत ते मिळणे कठीण. कोकणातल्या मुसळधार सरींत उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, हेही धरून चाला. संच सरासरी ७५ वॅट वीज घेतो असे मानले, तर चोवीस तास चालू ठेवल्यास महिन्याला ५४ युनिट होतात, आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर लागणारच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, तुमच्यासाठी उपग्रह हा शेवटचा पर्याय असावा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची, फायबर तार आली आहे का ते विचारा. भिंतीवर पेटी आहे एवढ्यावर समाधान मानू नका, तिचे दिवे लागतात का ते स्वतः पाहा. तिथून वाडीपर्यंत तार ओढण्याचा खर्च एका घराला जड जाईल, पण आठ-दहा घरांनी मिळून स्थानिक केबलवाल्याकडे मागणी केली तर बोलणे वेगळ्या पातळीवर होते.

तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट मात्र ते खळे आहे. तिथे रेंज येते याचा अर्थ टॉवरचा संदेश तिथपर्यंत पोहोचतो. त्या जागी उंच खांबावर बाहेरचा अँटेना लावून सिमकार्डाच्या राउटरला जोडला, तर तोच संदेश घरात आणता येतो, आणि हा खर्च उपग्रहाच्या संचापेक्षा बराच कमी असतो. सूनबाई पुढच्या वेळी गावी येतील तेव्हा त्यांना खळ्याच्या कडेला बसून, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घालून, एकेक पूर्ण बैठक करून पाहू द्या. शक्यतो संध्याकाळीही, कारण त्या वेळी टॉवरवर गर्दी असते. ज्या सिमवर बैठक अखंड चालेल, त्याच कंपनीसाठी खांब उभारा.