आयटीआय फिटर करून वाळूजहून विमानाच्या कामात ॲप्रेंटिस म्हणून गेलं, तर आधी काय शिकावं लागतं?

पत्रा आणि रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी धातूची खीळ. वाळूजच्या शॉपमधली ‘चालतंय की’ ही सवय मात्र गेटबाहेर ठेवा.

समजा रिव्हेट ३.२ मिमीचं आहे आणि दोन पत्रे मिळून जाडी २ मिमी. लांबी म्हणजे जाडी अधिक व्यासाची दीडपट, साधारण ६.८ मिमी. भोकाचा मध्य कडेपासून निदान ६.४ मिमी आत. ठोकल्यावर मागचं डोकं अंदाजे ४.८ मिमी रुंद, १.६ मिमी उंच यायला हवं. बकिंग बार, म्हणजे ठोकताना मागून टेकवायचा लोखंडी ठोकळा, जरा तिरका धरला की ते एका अंगाला झुकतं. नवख्यांचं इथंच बिघडतं. खराब रिव्हेट ड्रिलनं काढताना ड्रिल सरकलं तर भोक मोठं होतं. मग एक माप मोठं रिव्हेट, तेही मंजुरी घेऊनच. बर, म्हणजे ड्रिलनं भोकाच्या कडेला उठलेली धारदार कोर, काढलीच नाही तर पत्र्यांत फट राहते, पुढं तिथूनच तडा जायची भीती.

ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिलीनं खूण नको, ग्रॅफाइटमुळं गंज धरतो. आणि पाळी संपताना हत्यारं मोजायची. ड्रिलचा एक बिट कमी भरला तर तो सापडेपर्यंत काम बंद.