द्राक्षमळ्यांच्या मुलखात, वाइनशिवाय

प्रश्न : येत्या सप्टेंबरात मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे इटलीतील पिडमाँट आणि टस्कनी या प्रांतांत दहा दिवस फिरणार आहोत. सासूबाई आणि मी मद्य घेत नाही. पती एखादा पेला घेतात, पण भाड्याची गाडीही तेच चालवणार आहेत. दोन वाइनरींची भेट आधीच ठरलेली आहे. तेथे वाइन नाकारली तर उद्धटपणा वाटेल का? आणि दहा दिवस पाणी व कोला यांवर काढायचे नसतील, तर काय मागावे?
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : पहिली शंका आधी दूर करते. काजूच्या हंगामात आपल्याकडे भट्टीवर आलेला पाहुणा हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, न घेता नुसता निरो, म्हणजे न आंबलेला काजूरस, प्यायला, तर कोणाचा मान दुखावत नाही; द्राक्षमळ्यांतही तसेच आहे. गाडी चालवणारा कोणीतरी प्रत्येक गटात असतोच, हे वाइनरीतल्या माणसांना ठाऊक असते. तरीही भेटीची वेळ पक्की करतानाच दोघीजणी मद्य घेत नसल्याचे कळवून ठेवावे, म्हणजे त्यांनाही तयारी करता येते. प्रकृतीचे खोटे कारण सांगण्याची मुळीच गरज नाही. ‘नोन बेवो आल्कोल, ग्रात्सिए’, म्हणजे ‘मी मद्य घेत नाही, आभारी आहे’, एवढे पुरते.

काय मागावे, याचे उत्तर मात्र आनंदाने सविस्तर देते, कारण इटलीत कडवट चवीच्या मद्यरहित पेयांची स्वतःची परंपरा आहे आणि आपले बहुतेक पर्यटक तिची ओळख करून न घेताच परततात. संध्याकाळी जेवणाआधी तेथे ‘आपेरितीवो’ घेतात. त्या वेळी ‘आनाल्कोलिको’, म्हणजे मद्यविरहित, असा शब्द उच्चारला की बहुधा क्रोदिनो किंवा सानबित्तेर यांपैकी एखादी छोटी बाटली समोर येते. दोन्ही पेये १९६०च्या दशकातली. पहिले केशरी आणि पिडमाँटमधल्या क्रोदो गावाचे नाव धारण करणारे, दुसरे लालभडक. बर्फ आणि संत्र्याची चकती घालून ती देतात. किनोत्तो हे काळसर, फसफसणारे पेय त्याच नावाच्या लहान कडू संत्र्यापासून होते. लिगुरियातील साव्होनाचा परिसर या फळासाठी प्रसिद्ध आहे. पहिल्या घोटाला सासूबाई कदाचित तोंड वाकडे करतील. त्यांच्यासाठी चेद्राता मागवा. ती चेद्रो या फळाची, म्हणजे आपल्या म्हाळुंगाची, आणि चवीला पुष्कळ सौम्य असते.

या पेयांचा मी आग्रह धरते तो जेवणासाठी. वाइनमधला आंबटपणा आणि तुरटपणा चीज, लोणी, ऑलिव्ह तेल यांचा तेलकटपणा जिभेवरून उतरवतो. माशांच्या हुमणाबरोबर सोलकढी आपण याच कारणाने घेतो. गोडमिट्ट कोला हे काम करू शकत नाही, उलट जीभ जड करतो. कडवट किंवा आंबट पेय ते चोख करते.

तुम्ही सप्टेंबरात जात आहात, हे तर फारच चांगले. तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते आणि वाइनरीत ‘मोस्तो’, म्हणजे नुकताच गाळलेला द्राक्षरस, चाखायला मिळतो का हे जरूर विचारावे. मात्र तो आपल्या निऱ्यासारखाच असतो: सालीवरच्या आणि हवेतल्या यीस्टमुळे उबेत लवकर आंबू लागतो, म्हणून ‘आजच काढलेला आहे ना’ याची खात्री करूनच पेला हाती घ्यावा. ‘अगदी हलकी, गोड आहे’ असे सांगून मोस्कातो दास्ती पुढे केली जाईल. तिच्यात साधारण ५ टक्के मद्यार्क असतो आणि मद्य न घेणाऱ्यासाठी ती वाइनच आहे.

नकळत मद्य पोटात जाईल अशा जागा आणखीही आहेत. इटलीच्या कायद्यानुसार ‘आनाल्कोलिका’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये १.२ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असू शकतो. थेंबही नको असेल, तर लेबलावर ०.० पाहावे. मद्यार्क काढून टाकलेल्या वाइनलाही युरोपीय नियमांनुसार ०.५ टक्क्यापर्यंत मुभा आहे. ‘काफ्फे कोर्रेत्तो’ म्हणजे ग्राप्पासारखे मद्य घातलेली कॉफी. तिरामिसूत पुष्कळदा मार्साला वाइन किंवा रम असते, झाबायोने या अंड्याच्या गोड पदार्थात बहुधा मार्साला असते, आणि पिडमाँटमधले बारोलो या लाल वाइनमध्ये शिजवलेले मांस किंवा रिसोत्तो हा भाताचा प्रकार यांतला मद्यार्क शिजवण्याने पूर्ण उडून जात नाही. ‘चे आल्कोल?’, म्हणजे ‘यात मद्य आहे का?’, हा प्रश्न गोड पदार्थ मागवतानाही विचारावा.

तुमच्या पतींविषयी स्पष्टच लिहिते. इटलीत चालकाच्या रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मद्यार्काची मर्यादा आहे आणि परवाना मिळून तीन वर्षे झालेली नसतील, तर ती शून्य असते. चाखण्याच्या चार-पाच पेल्यांत मिळून किती पोटात गेले याचा अंदाज राहत नाही, आणि टस्कनीतले टेकड्यांचे रस्ते वळणावळणांचे आहेत. चाखून थुंकण्यासाठी प्रत्येक टेबलावर भांडे ठेवलेले असते. ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही, जाणकारही तेच करतात. तरी माझे मत असे, की त्या दोन दिवशी गाडी मुक्कामीच ठेवून टॅक्सी करावी.

पाण्यासाठी दोनच शब्द लक्षात ठेवावेत: साधे ते ‘नातुराले’, बुडबुड्यांचे ते ‘फ्रिझान्ते’. सासूबाईंना रात्री कॉफीने झोप येत नसेल, तर ‘ओर्झो’ मागवावा. भाजलेल्या जवाची ती कॉफी जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळते. आणि तुरीन शहर वाटेत असेल, तर १७६३ पासून चालू असलेल्या ‘अल बिचेरिन’ या कॅफेत त्यांना अवश्य न्या. तेथे काचेच्या छोट्या पेल्यात कॉफी, गरम चॉकलेट आणि साय असे थर देतात; ते न ढवळता, तसेच प्यायचे असते.