टेस्ट ड्राइव्हला एकटा जाऊ नकोस

अरे, शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी गोडच वाटते. घरच्या चौघांना बसव, एसी लाव आणि कात्रजचा चढ घे. १.२ लिटर पेट्रोल इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये दमतंय का, तिथेच कळेल. मागे आईला बसव. मांडीला आधार मिळतो का, चढता-उतरता गुडघे दुखतात का, हे तीच सांगेल. स्पीडब्रेकरवर भरलेली गाडी खाली घासते का तेही बघ.

डिकीचे आकडे वाच: स्विफ्ट २६५ लिटर, वॅगनआर ३४१. पण सीएनजी घेणार असशील तर टाकीच बरीचशी जागा खाते, मग गणपतीला गावी जाताना बॅगा मांडीवर! टियागो सीएनजीत दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यात, ती डिकी एकदा उघडून बघच. रंगाचं नंतर ठरव.