एडब्ल्यूएस बॅचवर ग्रोमॅक्सची २०० सिम्युलेशन्स: स्पॉट मशीन मध्येच गेलं तर?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ग्रोमॅक्स (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर), एडब्ल्यूएस बॅच (अमेझॉनच्या क्लाउडवर जॉब रांगेने चालवणारी सेवा), २०० प्रोटीन-लिगँड (लिगँड म्हणजे प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू) जोड्या, प्रत्येकी १०० नॅनोसेकंद, स्पॉट मशीन (स्वस्त, पण अमेझॉन कधीही परत घेऊ शकतं असं). निम्मे जॉब ‘रनेबल’ (चालायला तयार, पण मशीनची वाट पाहणाऱ्या) अवस्थेतच पडून राहतात, आणि सुरू झालेले मध्येच मरून पुन्हा शून्यापासून चालू होतात. दुसरी अडचण आधी घेतो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

स्पॉट मशीन काढून घेण्याआधी दोन मिनिटांची सूचना मिळते. पण त्या दोन मिनिटांवर भिस्त ठेवू नका. थांबण्याचा सिग्नल मिळाल्यावर कंटेनरला (ज्या बंदिस्त पॅकेजमध्ये तुमचा प्रोग्राम चालतो त्याला) साधारण ३० सेकंद मिळतात, मग तो सक्तीने मारला जातो. तुमची सुरुवातीची स्क्रिप्ट बॅशमध्ये असेल, तर बॅश तो सिग्नल आतल्या एमडीरनपर्यंत (ग्रोमॅक्सची सिम्युलेशन चालवणारी आज्ञा) आपणहून पोचवतही नाही. सूचना येणारच नाही असं धरून चला आणि चेकपॉइंट (जिथून पुढे सुरू करता येतं अशी जतन केलेली अवस्था) ठरावीक वेळाने एस-थ्रीवर (अमेझॉनच्या फाइल-साठवणीवर) चढवत राहा. एमडीरन मुळात दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितो. ही मिनिटं ठरवणारा सीपीटी हा पर्याय ५ वर आणा.

बहुतेकांचं घोडं पेंड खातं ते फाइली चढवण्याच्या क्रमात. सगळा फोल्डर आंधळेपणाने सिंक केला, तर कधीतरी चेकपॉइंट नवा आणि एक्सटीसी फाइल (ट्रॅजेक्टरी, म्हणजे अणूंच्या स्थितींची नोंद) जुनी, अशी जोडी एस-थ्रीवर पोचते आणि नेमकं तेव्हाच मशीन जातं. पुढच्या वेळी एमडीरन चेकपॉइंटमधली नोंद आणि फाइल ताडून पाहतो, फाइल अपुरी दिसली की पुढे जोडायला नकार देतो. म्हणून आधी चेकपॉइंटची स्थानिक प्रत काढा, मग एक्सटीसी, ईडीआर (ऊर्जेची नोंद) आणि लॉग चढवा, आणि ती काढून ठेवलेली प्रत सगळ्यात शेवटी. ट्रॅजेक्टरी चेकपॉइंटच्या पुढे गेलेली चालते, मागे राहिलेली चालत नाही.

त्यातही मी ‘नोअपेंड’ पर्याय वापरायला सांगेन. प्रत्येक तुकड्याची वेगळी फाइल होते, नव्या मशीनवर टीपीआर (सिम्युलेशनची इनपुट फाइल) आणि चेकपॉइंट एवढंच उतरवावं लागतं, आणि शेवटी ग्रोमॅक्सचाच ट्रजकॅट तुकडे जोडताना दुबार फ्रेम गाळतो. सीपीआय या पर्यायाला दिलेली चेकपॉइंट फाइल नसेल तर एमडीरन सुरुवातीपासून चालतो, त्यामुळे पहिल्या आणि नंतरच्या खेपेला आज्ञा एकच.

२०० वेगळे जॉब टाकू नका, एकच अ‍ॅरे जॉब करा. त्यात एकाच नोंदीतून २०० उपजॉब निघतात आणि त्यांचा इंडेक्स ० ते १९९ असतो, पण जोड्यांच्या यादीतली ओळ उचलणाऱ्या सेडसारख्या साधनांत ओळी १ पासून मोजतात. इंडेक्समध्ये एक मिळवला नाही तर पहिल्या जॉबला नाव मिळत नाही आणि शेवटची जोडी राहून जाते. रीट्रायची कमाल मर्यादा १० आहे. मात्र ‘होस्ट ईसीटू’ने सुरू होणारं कारण (म्हणजे मशीनच गेलं) आलं तरच पुन्हा चालव, एरवी थांब, असा नियम जॉब डेफिनिशनमध्ये घाला. नाहीतर लिंक्सचे (बंधांची लांबी राखणाऱ्या भागाचे) इशारे देत उडालेली सिस्टिम दहा वेळा उडते आणि दहाही वेळा बिल लागतं. काम पूर्ण झाल्यावर स्क्रिप्टने एस-थ्रीवर एक खूणफाइल टाकावी आणि सुरू होताना आधी तीच शोधावी. मग काही इंडेक्स राहिले, तर अख्खा अ‍ॅरे पुन्हा टाकला तरी झालेले जॉब लगेच बाहेर पडतात.

आता ‘रनेबल’. निम्मे जॉब चालतायत म्हणजे नेटवर्क आणि परवानग्या बहुधा ठीक आहेत. कंप्यूट एन्व्हायर्न्मेंटची (बॅच ज्यातून मशीन घेतं त्या गटाची) कमाल व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) मर्यादा पाहा, मग खात्याचा स्पॉट कोटा; तो ऑन-डिमांडपेक्षा (पूर्ण दराच्या, परत न घेतल्या जाणाऱ्या मशीनपेक्षा) वेगळा असतो आणि नव्या खात्यात फारच कमी. तसं असेल तर ते जॉब अडकलेले नाहीत, रांगेत आहेत. एकही जॉब सुरू होत नसेल तर मेमरी तपासा. सी५.२एक्सलार्ज या मशीन-प्रकाराला १६ जीबी असते म्हणून १६,३८४ एमबी मागितली की जॉब कधीच बसत नाही, कारण थोडी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम आणि एजंट घेतात. १४,००० मागा.

वेग कमी वाटत असेल तर थ्रेड पाहा. कंटेनरला ८ व्हीसीपीयू दिले तरी ग्रोमॅक्सला यजमान मशीनचे सगळे कोअर दिसतात. ३२ व्हीसीपीयूच्या मशीनवर चार जॉब आले की प्रत्येक जण ३२ थ्रेड काढू पाहतो. एनटीएमपीआय १, एनटीओएमपी ८ (एक प्रक्रिया, आठ थ्रेड) असं स्पष्ट लिहा आणि पिन (थ्रेड ठरावीक कोअरला बांधणं) बंद ठेवा. चालू ठेवलंत तर चारही जॉब त्याच कोअरांवर जाऊन बसतात.

स्पॉटला मशीनचे जितके प्रकार द्याल तितकं बरं, पण कंटेनरमधला ग्रोमॅक्स एव्हीएक्स-५१२साठी (काहीच प्रोसेसरांत असलेल्या वेगवान सूचना) बांधला असेल तर सी५ए किंवा सी६ए या प्रकारांवर तो ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडेल. बांधतानाच एव्हीएक्स२ निवडा. वेगात थोडा तोटा होतो, पण निवड मोकळी राहते. ग्रॅव्हिटॉनला (अमेझॉनच्या स्वतःच्या एआरएम प्रोसेसरला) वेगळी इमेज लागते.

एकच मोठी सिस्टिम अनेक नोडवर पसरवायची असेल तर हा मार्ग सोडा: बॅचमधले मल्टी-नोड जॉब स्पॉटवर चालतच नाहीत. तसल्या कामाला आयसर पुण्याच्या परम ब्रह्मसारखी यंत्रणा मिळत असेल तर तीच घ्या.

बिलाचं म्हणाल, तर एस-थ्रीची बकेट आणि मशीन एकाच रीजनमध्ये ठेवा. मशीन खासगी सबनेटमध्ये असतील तर एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट लावा. तो फुकट आहे; नसेल तर हाच सगळा डेटा नॅट गेटवेमधून जातो आणि दर जीबीला पैसे पडतात. पाण्याचे रेणू विश्लेषणात लागणार नसतील तर एमडीपी फाइलमध्येच (सिम्युलेशनच्या सेटिंगची फाइल) एक्सटीसीचा गट प्रोटीन आणि लिगँडपुरता करा. घरी उतरवतानाचा खर्चही त्याच प्रमाणात घटतो.