जुन्या ओम्नीच्या पुढच्या चाकातून खडखड येते, गाडी डावीकडे ओढते आणि टायर आतून खाते. शॉकअप बदलावेत का?

तुम्ही लिहिलंय की 2009 ची ओम्नी आहे, रोज तासगाव–सांगली ये-जा होते आणि हंगामात मागे द्राक्षाचे क्रेट असतात. गतिरोधकावरून उतरताना पुढून डावीकडून खडखड येते, स्टिअरिंग सैल सोडलं की गाडी डावीकडे जाते आणि डावा टायर आतल्या कडेला गुळगुळीत झालाय. गॅरेजवाल्यांनी दोन्ही शॉकअप बदलायला सांगितलेत.

माझं सांगलीत गॅरेज आहे आणि अशा जुन्या व्हॅन सतत माझ्याकडे येतात. माझं स्पष्ट मत सांगतो. शॉकअपचे पैसे आत्ताच देऊ नका. शॉकअप गेलेले असतीलही, पण गाडी ओढणं आणि टायर आतून खाणं ही शॉकअपमधलं तेल संपल्याची लक्षणं नाहीत. शॉकअप थकला की गाडी झोके घेते आणि टायरवर जागोजागी खळगे पडतात. एकच कड सलग झिजत असेल तर चाक तिरकं उभं आहे. ते तिरकं का झालं हे शोधल्याशिवाय कितीही नवे भाग बसवलेत तरी पुढचा टायर पुन्हा तसाच झिजेल.

ओम्नीची पुढची रचना साधी आहे. वरून स्प्रिंगसकट शॉकअप आणि खालून एकच लोअर आर्म. आर्मचं बाहेरचं टोक बॉल जॉइंटने (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याच्या सांध्याने) चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला जोडलेलं, आतलं टोक रबरी बुशात. गाडीचं वजन शॉकअपवरून खाली येतं, पण टायर जमिनीला टेकतो तो शॉकअपच्या रेषेच्या थोडा बाहेर. त्यामुळे चाकाचा खालचा भाग सतत बाहेर पळायला बघतो आणि त्याला धरून ठेवायचं काम लोअर आर्म करतो. बुश किंवा बॉल जॉइंट ढिला झाला की खालचा भाग तेवढाच बाहेर सरकतो, चाकाचा माथा आत झुकतो आणि टायर आतून खायला लागतो. तुमची तिन्ही लक्षणं एकत्र ठेवली तर माझा पहिला संशय डाव्या लोअर आर्मवर आहे.

तरी आवाजाची खात्री आधी करा. ओम्नीत चालक पुढच्या चाकावरच बसतो आणि इंजिन सीटखाली, त्यामुळे सगळे आवाज पायाखालूनच येतात असं वाटतं. जॅक, पाने, बॅटरीचा पट्टा, सायलेन्सरची रबरं आणि सरकत्या दरवाज्याचे रोलर हे सगळं आधी हाताने हलवून बघा. सैल रोलर आदळला की अगदी सस्पेन्शनसारखाच आवाज येतो.

आता मुख्य तपासणी. गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढची बाजू बॉडीखाली, जॅक लावायच्या जागी उचला आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे माझ्याकडच्या पोरांना मी रोज सांगतो. चाक मोकळं लोंबकळलं पाहिजे. जॅक आर्मखाली लावला तर बॉल जॉइंट दाबला जातो आणि असलेला प्ले (सांध्यातला ढिलेपणा) लपतो. हा जॉइंट नीट न तपासताच “चांगला आहे” म्हणून सोडला जातो तो बहुतेक यामुळेच.

चाकाला वर आणि खाली हात लावून आतबाहेर ढकला. कटकट जाणवली तर आत बसलेल्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर दोष बेअरिंगचा. तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा आर्मच्या बुशाचा. मग टॉमी (लोखंडी पहार) घेऊन आर्म आणि नकलच्या मध्ये घाला, हलकेच उचला आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर ठेवा. चांगला जॉइंट घट्ट असतो, फिरतो पण उचलला जात नाही. गेलेल्या जॉइंटमध्ये बोटाला बारीक ‘टक्’ लागतो. डोळ्यांपेक्षा बोटाला तो आधी कळतो. सांध्यावरचं रबरी आवरण म्हणजे बूट, तो फाटलेला दिसला आणि आत काळी माती भरलेली असली तर पुढे काही बघायची गरज नाही. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात बुटाला चिकटते, वाळून दगडासारखी होते आणि प्रत्येक वळणावर रबर कापत राहते.

इथे एक गोष्ट मुद्दाम विचारतो. गाडी तुम्ही नवी घेतली होती का जुनी? ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या चाकं बुडेपर्यंत उभ्या होत्या आणि त्यातल्या काही पुढे विकल्या गेल्या. तशा गाडीत बूट बाहेरून धड दिसतो, पण आत पाणी गेलेलं असतं, ग्रीस दुधाळ होतं आणि गोळ्यावर गंज चढतो. मॅटखाली, सीटच्या पट्ट्यांखाली बारीक गाळ सापडला तर बॉल जॉइंट, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) आणि बेअरिंग तिन्हींवर संशय ठेवा. आर्म बॉडीला जिथे बोल्ट होतो आणि शॉकअप वर जिथे बसतो तिथला पत्राही स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत घुसलं तर आधी पत्र्याचं वेल्डिंग, मग बाकीचं काम. कुजलेल्या पत्र्यावर नवा आर्म बसवून काही उपयोग नाही.

टाय रॉड एंडसाठी चाक डावी-उजवीकडून धरून हलवा. अजून चांगली पद्धत म्हणजे चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडंथोडं दोन्हीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवायचा. स्टिअरिंग फिरतंय, सांधा आतल्या आत हलतोय आणि चाक जागेवर, असं झालं तर तो बदला. स्टिअरिंग फिरवताना चाकाच्या कमानीतून स्प्रिंगवर तळहात ठेवा, बोटं वेटोळ्यांच्या मध्ये घालू नका. स्प्रिंग अडखळून एकदम उसळी घेत असेल तर वरचं माउंटिंग गेलंय. तोही खडखडीचा मोठा उगम आहे आणि त्याचं खापर नेहमी शॉकअपवर फुटतं.

आर्मच्या बुशात टॉमी घालून पुढेमागे जोर द्या. रबर थोडं दबणार, ते चालतं. लोखंड लोखंडाला लागत असेल, रबराला गोल भेग गेली असेल किंवा आतली नळी एका बाजूला सरकली असेल तर बुश संपला. आर्मला पुढेमागे धरणाऱ्या बारची रबरंही त्याच वेळी बघा. ती स्वस्त असतात म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण ब्रेक मारल्यावर चाक मागे सरकतं आणि गाडी एका बाजूला जाते ती बऱ्याचदा त्यांच्यामुळेच.

ओढण्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत की ती कायम ओढते का फक्त ब्रेक मारल्यावर. हा फरक फार महत्त्वाचा आहे. फक्त ब्रेकवर ओढत असेल तर बुश किंवा ब्रेक. कायम ओढत असेल तर आधी दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा. पाच-सहा किलोमीटर चालवून दोन्ही पुढच्या चाकांजवळ हात न्या. एक जास्त तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते असतात, त्यामुळे बुधगाव-कवलापूरच्या सरळ पट्ट्यावर गाडी हळूहळू डावीकडे जाणं थोडंफार साहजिक आहे. रस्ता मोकळा आणि सपाट असेल तिथेच खरी परीक्षा होते.

क्रेट वाहता म्हणून मागचे पाटेही (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) तपासा. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू-बोल्ट ढिले झाले की मागचा ॲक्सल तिरका होतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेपने दोन्ही बाजूंनी माप घ्या. सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर काहीतरी सरकलंय किंवा वाकलंय.

शॉकअपची पाळी शेवटी. तेल ओघळून धूळ चिकटलेली असेल, कोपरा दाबून सोडल्यावर गाडी दोनतीन झोके घेत असेल किंवा दांडा वाकलेला असेल तर बदलायचाच, आणि जोडीने बदलायचा. नुसता ओलसर डाग म्हणजे शॉकअप गेला असं नाही. खड्ड्यात जोरात आदळून शॉकअपच वाकला असेल तर मात्र टायर आतून खाण्याचं कारण तो असू शकतो, म्हणून उजव्या बाजूशी ताडून बघा. स्प्रिंग काढायचं काम घरी करू नका. दाबपट्टी (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) न लावता वरचा नट सोडला तर दबलेली स्प्रिंग माणसाचा जबडा फोडते.

दुरुस्तीत दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली, बुशाचे बोल्ट गाडी घोडीवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोनचार वेळा दाबून बसू द्यायची आणि मगच आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश थोड्याच महिन्यांत फाटतो. मग गिऱ्हाईक म्हणतं माल डुप्लिकेट होता. माल चांगला असतो, आवळलेला चुकीचा असतो. गर्दीच्या दिवशी ही पायरी हमखास गाळली जाते, म्हणून समोर उभे राहून करून घ्या.

दुसरी, बॉल जॉइंट सोडवताना पिनच्या आट्यांवर हातोडा मारू देऊ नका. पुलर (सांधा ओढून सोडवणारं साधन) लावावा, नाहीतर नकलच्या डोळ्यावर, म्हणजे पिन बसते त्या भोकाच्या कडेवर बाजूने ठोका द्यावा, पिन आपोआप सुटते. आर्म बॉल जॉइंटसकट मिळत असेल तर अख्खाच घ्या, जुन्या आर्मात प्रेसने बसवलेला जॉइंट पुढे ढिला होण्याची भीती राहते. स्प्लिट पिन नवीच घालायची. भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळायचा, मागे सैल करायचा नाही. टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून नवा तितकाच बसवा, म्हणजे अलाइनमेंटवाल्याकडे जाईपर्यंत गाडी धड चालेल.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. ढिल्या सांध्यावर केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यापर्यंतच टिकतं. तिथे फक्त टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलीत ते) जुळवून देतात. मशीनवर कॅम्बर (चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकलाय तो कोन) चुकीचा दिसला आणि कुणी साखळी लावून ओढून देतो म्हणाला तर नको म्हणा, वाकलेला भाग शोधून तोच बदलायला सांगा. गाडीत नेहमी जेवढा माल असतो साधारण तेवढा ठेवूनच माप घ्यायला लावा.

ओम्नी 2019 मध्ये बंद झाली तरी आर्म, बुश, टाय रॉड एंड सांगली-मिरजेत सहज मिळतात, त्यामुळे भंगारातला आर्म घेऊ नका. बॉल जॉइंटला टॉमीने स्पष्ट ‘टक्’ लागला तर गाडी क्रेट भरून तासगावला परत नेऊ नका, तिथेच काम करून घ्या. हा जॉइंट सुटला तर चाक बाहेर फेकलं जातं आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग नसतो. आतून तार दिसायला लागलेला टायर स्टेपनीलाही ठेवू नका. काम झाल्यावर चारपाचशे किलोमीटरनी आर्मचे आणि चाकाचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासून घ्या. आणि ब्रेकवर ओढते का कायम ओढते, ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.