डबामा काय शे? पार्सलवाल्या भाऊंची उत्तरं

प्रश्न : भाऊ, नमस्कार. मी चोपड्याची. लेक म्युनिकला नोकरीला आहे. गणपतीत आली होती, जाताना तिचा जुना मोबाइल आणि पॉवर बँक कपाटातच राहिली. त्या मोबाइलात तिच्या पप्पांचे शेवटचे फोटो आणि त्यांच्या आवाजातले व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत, म्हणून तिला तो हवाच आहे. दिवाळीचा फराळ पाठवणारच आहे, त्यातच घालून देऊ का? इथला पार्सलवाला म्हणतो, "काकू, बॅटरीचं नाव काढू नका, खेळणी लिहा, जाईल निघून." मोबाइल चालू होतो. फक्त मागचं झाकण एका कोपऱ्याला जरा वर आलंय, त्याला रबर लावून ठेवलंय. सोबत बिबडे, शेव आणि साजूक तुपाची बरणी जाईल.

उत्तर : ताई, फराळाचं नंतर बोलू. आधी ते रबर.

तुमची ती ओळ वाचली आणि मला माझाच जुना फोन आठवला. भुसावळचा मे महिना, पत्र्याखालची खोली. खिडकीत चार्जिंगला लावला आणि विसरलो. संध्याकाळी पाहतो तर झाकण आणि कडेच्या पट्टीमध्ये नख जाईल एवढी फट. फटीतून आतलं बॅटरीचं चंदेरी पाकीट दिसत होतं. तव्यावरच्या पोळीने पहिली वाफ धरावी तसं ते एका बाजूला टम्म झालेलं. सूनबाई म्हणाली, दाबून बसवा. मी ते दाबलं नाही, हे बरंच झालं.

त्या पाकिटात धातूच्या पातळ पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा अगदी झिरझिरीत पडदा असतो आणि सगळं पेट घेणाऱ्या द्रावणात भिजलेलं असतं. द्रावण बिघडलं की वायू धरतो आणि पाकीट फुगतं. अशा वेळी ते दाबलं, टोचलं, आपटलं आणि पडदा फाटला की आतल्या आत शॉर्ट. त्या उष्णतेने रसायनं फुटतात, त्यातून आणखी उष्णता, आणि बऱ्याच बॅटऱ्यांत जळायला लागणारा प्राणवायूही आतूनच सुटतो. म्हणून ही आग गोधडी टाकून कोंडत नाही. तुमचं रबर नेमकं तेच करतंय जे करू नये, फुगलेल्याला दाबतंय.

तेव्हा रबर काढा. फोन कपाटातल्या लुगड्यांतून बाहेर काढून फरशीवर, आजूबाजूला कापडबिपड नसेल अशा जागी ठेवा. चार्जिंगला लावू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे नेताना दारातच सांगा, "बॅटरी फुगलीय." तो जुनी काढून नवी बसवेल. जुनी त्याच्याकडेच द्या, ती गोळा करून परत पाठवणारे असतात. घंटागाडीत टाकाल तर तिथं कचरा दाबला जातो, म्हणजे पुन्हा तीच गत. फुगलेली, चेपलेली, बिघडलेली बॅटरी विमानाने न्यायला मनाईच आहे. टपाल असो, कुरिअर असो की प्रवाशाची बॅग. यात "आमचं जरा बघा ना" चालत नाही.

आणि ताई, लेकीला फोन हवाय की फोनमधलं? नवी बॅटरी बसली की त्याच दुकानात बसून फोटो आणि आवाजाचे मेसेज दोन पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उतरले म्हणतात तेवढ्यावर उठू नका. एक तरी मेसेज पेनड्राइव्हवरून लावायला सांगा आणि साहेबांचा आवाज स्वतः ऐका. एक पेनड्राइव्ह घरी ठेवा, दुसरा पाठवा. पेनड्राइव्हमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे तो बिबड्यांच्या डब्यात निर्धास्त बसतो.

तरीही फोनच पाठवायचा असेल, तर सगळा खेळ एका गोष्टीवर आहे : बॅटरी यंत्रात बसलेली आहे की सुटी. जागतिक टपाल संघाच्या नियमात सुटी लिथियम बॅटरी विमान टपालात चालत नाही. यंत्रात बसलेली चालू शकते, एका पार्सलात जास्तीत जास्त ४ सेल किंवा २ बॅटऱ्या (सेल म्हणजे एकटा नग, सेल जोडून झालेली ती बॅटरी). पण तीही त्या-त्या देशाच्या टपालखात्याने परवानगी घेऊन तशी सोय केली असेल तरच. म्हणून आधी जळगावच्या हेड पोस्टात, खिडकीवर, नेमका देश सांगून विचारा. तिथं नाही म्हणाले तर कुरिअर. पण पैसे देण्याआधी एजंटाला विचारा की विमानाची पावती कुठल्या कंपनीची आणि तीवर बॅटरी लिहिलेली असणार का. "ते आमचं आम्ही बघतो" असं उत्तर आलं तर डबा उचला आणि घरी या.

मापाची मर्यादाही आहे. सेल २० वॅट-तासांपर्यंत, बॅटरी १०० पर्यंत. वॅट-तास म्हणजे आत किती वीज मावते त्याचं माप. एमएएचला हजाराने भागायचं आणि व्होल्टने गुणायचं. ५००० एमएएच, ३.८५ व्होल्ट म्हणजे १९.२५ वॅट-तास, बसलं. पण आपल्याकडे विकत घेताना "६००० एमएएच" ऐकून आपण खूश होतो ना, ती बॅटरी एकाच सेलची असेल तर २३ च्या वर जाते आणि टपालाच्या मापात बसत नाही. आकडे बॅटरीवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात असतात. नव्या बॅटरीचा फोटो दुकानातच काढून ठेवा. पाठवताना फोन पूर्ण बंद हवा, नुसता स्क्रीन काळा नव्हे.

पॉवर बँक मात्र विसरा. लोकांना ती यंत्र वाटते, नियमाच्या भाषेत ती सुटी बॅटरीच. टपालात नाही. कोणी ओळखीचं तिकडं निघालं तर त्याच्या हातातल्या बॅगेतून जाईल. नाहीतर चोपड्यातच वापरा, भारनियमनात कामाला येईल.

आता त्या "खेळणी लिहा"बद्दल. पोस्टात काउंटरला असताना मी रोज शंभरदा विचारायचो, "डबामा काय शे, मावशी?" एकदा यावलकडच्या एक मावशी म्हणाल्या, "काही नही रे भाऊ, पापड शेतस." डबा काट्यावर ठेवला आणि पापड गाऊ लागले. आत नातवाचं गाणारं माकड होतं, वजनाने बटण दाबलं गेलं. सगळं पोस्ट हसलं, मावशीही हसल्या. तिथं निभावलं, कारण डबा अजून खिडकीतच होता. विमानतळावर तो एक्स-रेखाली जातो आणि बॅटरी पडद्यावर लगेच ओळखू येते.

मी काय धुतल्या तांदळाचा नाही. रिटायर झाल्यावर भाच्याला दुबईला चार्जिंगचा कंदील पाठवला, एका खासगी एजंटाच्या सांगण्यावरून "घरगुती वस्तू" लिहून. अडीच महिन्यांनी खोकं परत दारात. फाडून पुन्हा चिकटवलेलं, वर लाल तिरप्या पट्ट्यांचं बॅटरीचं चित्र, आतल्या बिबड्यांचा भुगा. कंदील गायब, पैसे गायब. बायकोने तो भुगा डाळीत घातला आणि आठवडाभर मला तेच वाढलं.

३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून जर्मनीत कोलोनला निघालेलं एक मालवाहू विमान आग लागून कोसळलं. त्यात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या, दोन्ही वैमानिक गेले. खिडकीवरचा माणूस एवढे प्रश्न विचारतो तेव्हा त्याला हे माहीत असतं. फॉर्मवर साधं लिहा : "यूज्ड मोबाइल फोन, लिथियम आयन बॅटरी इन्स्टॉल्ड", खाली खरी किंमत.

किमतीवरून सांगतो, युरोपात नातलगाने फुकट पाठवलेल्या भेटीला ४५ युरोपर्यंत कर माफ आहे. त्याच्या वर गेलं की जर्मनीत १९ टक्के व्हॅट लागू शकतो आणि तो लेकीला भरावा लागतो. म्हणून मोबाइल आणि फराळ एका खोक्यात घालू नका, एकावर प्रश्न आला की दुसराही अडकतो. आणि तूप घरीच ठेवा. दूध-तुपाचे, मांसाचे पदार्थ टपालाने युरोपात न्यायला बंदी आहे. बिबडे ज्वारीचे, ते जातील.

प्रश्न : मी धुळ्यात जुने कॅमेरे दुरुस्त करून विकतो. जपानच्या एका गिऱ्हाइकाला डिजिटल कॅमेरा पाठवायचा आहे. तो जास्तीची एक बॅटरी पण मागतोय. "गिफ्ट" लिहिलं तर चालेल का? आणि आतल्या घड्याळाच्या बटण-सेलचं काय?

उत्तर : नाही चालणार. पैसे घेतलेत, म्हणजे विक्री. त्यासाठी आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, काढून निर्यातीचा फॉर्म भरा, तुमच्यासारख्या छोट्या माणसालाही तो मिळतो.

बॅटरीचं तर तुम्हाला चोपड्याच्या ताईंहून सोपं आहे, कारण तुमची निघते. दोन्ही काढा, इथंच विका, आणि गिऱ्हाइकाला आधीच कळवा की बॅटरी तिथं घ्यायची आहे. तेवढे पैसे कमी करा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लहान असतात, ७.२ व्होल्ट, १००० एमएएच धरा, ७ वॅट-तास होतात. पण इथं लहान-मोठीचा हिशेब नाही, सुटी किंवा यंत्राच्या जोडीला टाकलेली बॅटरी टपालात चालत नाहीच. कुरिअरने मालाच्या नियमाने जाते, पण त्याचे कागद आणि चार्ज करण्याची मर्यादा सांभाळताना तुमचा नफा त्यातच जाईल.

घड्याळाचा तो चपटा सेल, सीआर २०३२ वगैरे, लिथियमचाच आहे. पण यंत्रात बसलेला असेल तर त्याचा त्रास नाही. सुटे चार-पाच पुडीत बांधून "असू दे" म्हणून टाकू नका. शटरच्या बटणावर पुठ्ठा लावा, मावशींचं माकड आठवा.

प्रश्न : मी शहाद्याचा निवृत्त मास्तर. मुलाकडे कॅनडाला जातोय. कानाच्या मशीनचे सेल, दाढीचं ट्रिमर आणि २०००० एमएएचची पॉवर बँक कुठल्या बॅगेत ठेवू?

उत्तर : सर, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. २०००० एमएएच, ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-तास. १०० पर्यंत विचारावं लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर नाहीच. तिच्या तोंडांवर चिकटपट्टी लावा म्हणजे किल्ल्या-नाणी लागून शॉर्ट व्हायला नको. विमान कंपनीने वापरायचं कधी, ठेवायचं कुठं याचे स्वतःचे नियम केलेले असतात, ते तिकिटासोबत वाचून घ्या. ट्रिमर मोठ्या बॅगेत बंद करून चालेल, पण मीही हातातच ठेवीन.

कानाच्या मशीनला ते पिवळं-केशरी स्टिकर लावलेले छोटे सेल असतील तर ते झिंकचे, लिथियमचे नाहीत, कुठल्याही बॅगेत न्या. फक्त सोय म्हणून घरूनच सगळ्यांची स्टिकरं काढून ठेवू नका. हवा लागली की सेल सुरू होतो, आणि मशीनमध्ये घाला न घाला, तो उतरत जातो.