वडिलांच्या वाचेविषयी: आमचे वाया गेलेले चौदा महिने

आपण लिहिले आहे की, स्कूटर घसरून डोक्याला मार लागल्याला आता सात महिने झाले. वडील चालतात, जेवतात, माणसे ओळखतात, परंतु शब्द सापडत नाहीत, हिंदी तर जवळजवळ गेल्यासारखीच आहे, आणि ‘जे सुधारायचे होते ते सुधारले’ असे सांगून स्पीच थेरपी थांबवण्याचा सल्ला मिळाला आहे. जून २०१८ मध्ये याच इंदूर शहरात, जवळजवळ याच शब्दांत, आम्हालाही हे सांगितले गेले होते आणि मी ते निमूटपणे मान्य केले होते. मी डॉक्टर नाही, एका रुग्णाची पत्नी आहे. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते एका घराचा अनुभव आणि त्यानंतर केलेले वाचन एवढेच समजावे. स्कॅन, आकडीची औषधे, पडू नये म्हणून घ्यायची काळजी यांविषयी आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देते. औषधांच्या मात्रेत मात्र कोणाच्याही अनुभवावरून, माझ्याही, बदल करू नये.

माझे यजमान बँकेत रोखपाल होते. रामबागेत लहानपण गेले, घरात मराठी, काउंटरवर दिवसभर हिंदी. नोव्हेंबर २०१७ मधील अपघातात मेंदूच्या डाव्या भागात रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली, आणि शुद्धीवर आल्यावर वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे भाषा वापरण्याची शक्ती बिघडणे, झाल्याचे लक्षात आले. सात महिन्यांनी ज्या विभागात त्यांची तपासणी झाली त्याचे नाव मी लिहिणार नाही. पण ती कशी झाली ते लिहिलेच पाहिजे. चित्रे दाखवून नावे विचारली गेली. फणीच्या चित्राला त्यांनी ‘फणी’ म्हटले, किल्लीला ‘किल्ली’, कुलपाला बराच वेळ अडखळून ‘कुलूप’. समोरच्या बाईंना मराठी येत नव्हते, त्यांना ‘कंघी’, ‘चाबी’ आणि ‘ताला’ हवे होते, आणि तिन्ही उत्तरे चुकीची धरली गेली. मागच्या तपासणीच्या तुलनेत गुण वाढले नाहीत, सबब प्रगती थांबली, सबब उपचार बंद. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तीन महिन्यांपूर्वी या तिन्ही वस्तूंना ते नुसते ‘ते, ते’ म्हणत असत हे मला माहीत होते, तरीही मी तोंड उघडले नाही, कारण छापील कागदावर सहीशिक्का होता आणि माझ्याकडे फक्त रोजचे पाहणे होते. त्यानंतर ऑगस्ट २०१९ पर्यंत आम्ही काहीही केले नाही. एवढी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केलेली नाही.

मेंदू सुधारतो म्हणजे काय होते, हे मला तेव्हा समजले असते तर मी गप्प बसले नसते. सुधारणा दोन वेगळ्या मार्गांनी होते. पहिल्या आठवड्यांत सूज ओसरते, साचलेले रक्त शोषले जाते, आणि जे भाग मेलेले नसून केवळ दूरच्या जखमेमुळे मुके झालेले असतात ते पुन्हा कामाला लागतात. या मुकेपणाचे वर्णन कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव या मेंदूतज्ज्ञाने १९१४ मध्येच केले होते. ही सुधारणा वेगाने होते, घरच्यांना डोळ्यांनी दिसते आणि काही महिन्यांत मंदावते. दुसरी सुधारणा सरावातून होते: वाचलेल्या पेशी नवे फाटे काढतात, वारंवार वापरले जाणारे जोड बळकट होतात, आणि जखमेच्या आसपासचे, काही वेळा उजव्या बाजूचेही, भाग भाषेच्या कामात वाटा उचलू लागतात. मेलेल्या पेशी यातून परत येत नाहीत, हेही तितकेच खरे. ही दुसरी वाट संथ असते आणि सराव थांबला की तीही थांबते. पहिली मंदावलेली पाहून दुसरी बंद करणे, हेच आमच्याबाबतीत झाले.

हे केवळ एका बाईचे समाधान नव्हे. जर्मनीत झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यातील १५६ रुग्णांना वाचाघात होऊन सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता, आणि किमान तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा अधिक, अशा कसून केलेल्या थेरपीनंतर त्यांचे रोजच्या व्यवहारातील बोलणे सुधारले. ते रुग्ण पक्षाघाताचे होते, डोक्याला मार लागलेले नव्हते, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्या वडिलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु सहा महिन्यांनंतर दार बंद होते, हा समज त्याने निश्चितच खोटा ठरवला.

आता हिंदी गेल्याविषयी. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाची कोणती भाषा आधी परत येते, हा वाद जुना आहे. आधी शिकलेली टिकते, असे रिबो या फ्रेंच अभ्यासकाचे म्हणणे होते, तर आजाराच्या वेळी जी अधिक वापरात असेल ती आधी परतते, असे पित्र या फ्रेंच डॉक्टराने १८९५ मध्ये मांडले. पुढे नोंदवल्या गेलेल्या रुग्णांत दोन्ही प्रकार आढळले, आणि पुष्कळांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेही सुधारल्या. म्हणून माझे आग्रहाचे मत असे आहे की, तपासणी दोन्ही भाषांत झाल्याशिवाय कोणाचाही निष्कर्ष मानू नये. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर घरातील एकाने शेजारी बसून उत्तरे जशीच्या तशी लिहून घ्यावीत.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा पुस्तकातले सिंह आणि सफरचंद आम्ही बाजूला ठेवले आणि त्यांच्या दिवसातले वीस शब्द निवडले: चष्मा, पंचा, पासबुक, नातवाचे नाव. दिवसातून तीनदा, वीस-वीस मिनिटे; कपाळावर आठ्या दिसल्या की थांबायचे, कारण दमलेल्या मेंदूकडून सराव होत नाही, नुसती चिडचिड होते. शब्द आपण पुरवायचा नाही. मनात दहापर्यंत मोजायचे आणि मगच पहिले अक्षर सुचवायचे. माझ्यासारख्या जन्मभर मास्तरकी केलेल्या बाईला हे दहा आकडे फार जड गेले. हिंदीसाठी आम्ही कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या गाडीवर जात असू. गाडीवाला ओळखीचा, यांना पाहताच न विचारता प्लेट पुढे करी. त्याला विनवून सांगावे लागले की हे बोलल्याशिवाय काहीही देऊ नका. मागे गिऱ्हाईक खोळंबलेले असे आणि मला शरमेने घाम फुटे. सहाव्या की सातव्या दिवशी त्यांनी ‘जीरावन ज़्यादा’ (जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) एवढे म्हटले. २०२० च्या टाळेबंदीत गाडी बंद झाली तेव्हा थेरपी व्हिडिओ कॉलवर नेली. समोरासमोरच्या इतकी ती उपयोगी वाटली नाही, तरी खंड पडला नाही.

एका फसगतीपासून मात्र सावध करते. यांना स्वतःचे नाव सांगता येत नसतानाही गणपतीची आरती पूर्ण म्हणता येत असे आणि पाढेही बिनचूक येत. आम्ही पेढे वाटले. पाठ असलेले बोलणे आणि स्वतः जुळवलेले वाक्य ही मेंदूची निराळी कामे आहेत. वाचाघातात पहिले पुष्कळदा शाबूत राहते. आरती अवश्य म्हणून घ्यावी, त्याने माणसाला धीर येतो, पण तिच्यावरून प्रगती मोजू नये. मोजायची असेल तर दर महिन्याला एकाच विषयावरचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर तारखेसह ध्वनिमुद्रित करावे. आमच्याजवळ असे मुद्रण असते तर तो सहीशिक्क्याचा कागद मी परत केला असता.

‘स्टेम सेल’चे इंजेक्शन देऊन मेंदू नवा करून देतो, असे सांगणारेही लवकरच भेटतील. अशा दुखापतीसाठी हा उपचार आपल्या देशात मान्यताप्राप्त नाही. एका नातेवाइकांच्या आग्रहाखातर आम्ही चौकशीपर्यंत गेलो होतो आणि आकडा ऐकून परतलो, त्या वेळी आमचे शहाणपण नव्हे, दारिद्र्यच कामी आले.

यजमान पूर्ववत झालेले नाहीत. ते नोकरीवर परतू शकले नाहीत, दोन माणसे एकदम बोलू लागली की त्यांचा धागा सुटतो, आणि दिवाळीत राजवाड्याच्या गर्दीत आम्ही त्यांना नेत नाही. परंतु वाण्याला ते स्वतः फोन करतात, आणि हा पल्ला सारा त्या चौदा महिन्यांनंतरचा आहे.

दिव्यांगतेच्या प्रमाणपत्राचे आपण विचारलेच आहे. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातील २१ प्रकारांत वाचा व भाषेची दिव्यांगता आहे, तीत वाचाघाताचा उल्लेख आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता लागते. त्या कागदावर स्थिती ‘कायम’ असल्याचे लिहिले जाऊ शकते. तो शब्द फाइलीपुरता आहे असे समजून प्रमाणपत्र जरूर घ्यावे आणि थेरपी चालू ठेवावी. अर्ज देताना तपासणी मराठीतही व्हावी अशी लेखी विनंती सोबत जोडावी, आणि तिच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.